खिडकीजवळच्या खाटेवरचे मोठे साहेब

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार बसूनच घातला आहे. माझ्या खोलीत टेबल आणि पलंग मांडल्यावर साष्टांगाला जागा उरत नाही. पण भाव आडवाच आहे.) मी इकडे खुशाल आहे. तुमची तब्येतही उत्तम असणार, कारण मागच्या पत्रात तुम्ही 'बरा आहे' असे दोन शब्द खर्च करून ते सविस्तर कळवलं होतंत. फोनवर तर तेवढंही हाती लागत नाही. तुम्ही 'हं, ठीक, ठेवतो' म्हणता आणि खरोखरच ठेवता. म्हणून हे पत्र. आई रविवारी तुमच्याकडे येणार आहे, तिच्याजवळ देतो आहे. पाकीट नीट चिकटवलं आहे, तरी तिनं ते वाटेत उघडून वाचलेलं असणार असं धरूनच तुम्ही वाचा.

मी कायम झालो की नाही, असं तुम्ही आईला दर आठवड्याला विचारता म्हणे. अजून झालेलो नाही. होईन की नाही हे येत्या बुधवारी ठरायचं आहे, आणि त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. पण ते समजायला थोडं मागून यावं लागेल, तेव्हा चष्मा लावून, पाय वर घेऊन बसा.

नोकरीच्या पहिल्या दिवशी आमच्या कार्यालयाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर माझी कॉलर सरळ करता करता तुम्ही मला तीन गोष्टी सांगितल्या होत्यात. कुणाला नाही म्हणायचं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत, कारण जो विचारतो त्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळतं. आणि कायम होईपर्यंत रजा मागायची नाही. तुम्ही स्वतः याच तीन गोष्टींवर एका खुर्चीत आयुष्य काढलंत हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात तुमची ती कधीच न घेतलेली रजा दुसऱ्या घरात एखाद्याचं पदक सांगावं तशी सांगतात. म्हणून मी त्या तिन्ही गोष्टी मनावर घेतल्या. मामा, मी तुम्हाला मुळीच दोष देत नाही. फक्त पुढे जे काही झालं ते या तीन गोष्टींमधूनच निघालं, एवढं तुमच्या कानावर घालतो.

आमची कंपनी लोखंडी कपाटं बनवते हे तुम्हाला माहीत आहे. मी तक्रार विभागात आहे हेही माहीत आहे. तक्रार विभागात काय चालतं ते मात्र माहीत नसेल. लोक लिहितात की तुमच्या कपाटाचं दार लागत नाही, लावलं तर आपोआप उघडतं. आम्ही उत्तर पाठवतो की कपाटात काही दोष नाही, आपल्या घरची जमीन समतल नाही, कृपया पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी. तक्रार कुठूनही येवो, उत्तर हेच. एका माणसानं आपण जमीन मिस्त्रीकडून तपासून घेतल्याचं लिहिलं, तर त्याला दुसरा मिस्त्री बघायचा सल्ला गेला. आमच्या खोलीतही कंपनीचं एक कपाट आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी (त्यांच्याकडे शिक्के मारायचं काम आहे) जोरात शिक्का मारला की त्याचं दार सावकाश उघडतं, जणू आतून कुणी बघायला येतंय. मग मी उठतो, दार लावतो आणि पुन्हा लिहायला बसतो की कपाटात काही दोष नाही.

नाही न म्हणणारा माणूस आला आहे ही बातमी पहिल्या आठवड्यातच मजलाभर झाली. लोकांची नावडती कामं चालत चालत माझ्या टेबलाशी आली. जिन्यातल्या कुंडीला पाणी घालायचं काम असंच आलं. कुंडीतलं रोप प्लास्टिकचं आहे हे मला दिसत होतं. पण प्रश्न विचारायचे नव्हते, म्हणून मी रोज मन लावून पाणी घालत राहिलो. खालच्या मजल्यावर छतातून थेंब पडायला लागले तेव्हा तो उद्योग बंद झाला. (ते काम मला थट्टेनं दिलं होतं, असं बाईंनी नंतर सांगितलं. थट्टा करणाऱ्याचंच टेबल बरोबर खाली होतं, हा निव्वळ योगायोग.)

अशात मोठे साहेब आजारी पडले. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे निवृत्त झालेले मुख्य. निवृत्त झाले तरी कुणाला कायम करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे अजून तेच ठरवतात. जमीन समतल नसल्याचं ते उत्तरही त्यांनीच तरुणपणी लिहिलेलं. माणूस इतका कडक, की त्यांचं नाव निघालं तरी आमचे साहेब (माझे वरिष्ठ, एरवी ते आम्हाला घाबरवतात) शर्टाचं वरचं बटण लावतात. कार्यालयातर्फे रोज कुणीतरी हॉस्पिटलात जाऊन त्यांची विचारपूस करावी असं ठरलं आणि एकाएकी सगळ्यांच्या घरी पाहुणे आले. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. माझ्यावर आली तशी ती थांबली. म्हणाले, याचा चेहरा मुळातच उतरलेला आहे, हाच शोभेल. मामा, हा चेहरा मला आईच्या माहेराकडून आला आहे, म्हणजे तुमचाच आहे. तो कधीतरी कामाला येईल असं आपल्याला वाटलं नव्हतं.

मी मोठ्या साहेबांना कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं होतं की स्वतंत्र खोली रिकामी नाही म्हणून तूर्त त्यांना दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या वॉर्डात ठेवलंय, खिडकीजवळची खाट. मी सफरचंदं घेऊन गेलो. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. भरघोस भुवया, झोपेतही कपाळाला आठी. अंगावर हॉस्पिटलची चादर, जवळ कुणी नाही. नर्स बाई बाजूनं गेल्या. त्यांना विचारता आलं असतं. पण मी कंपनीचा माणूस, कंपनीच्या सर्वात मोठ्या माणसाला ओळखत नाही हे नर्सला कशाला कळू द्यायचं? मी स्टूल ओढून बसलो. त्याच दुपारी खरे मोठे साहेब वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोलीत गेले होते. हे मला पुढे फार उशिरा समजलं.

गृहस्थ जागे झाले, माझ्याकडे बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलले ते असं, की पँट लांब आहे, पायात येऊन पडशील. मी पाय स्टुलाखाली घेतले. माणूस अंथरुणाला खिळलाय आणि नजर बघा! परत येऊन साहेबांना अक्षरशः तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांची पँट बोटभर वर होती. मग मी रोज जाऊ लागलो आणि रोज निरोप आणू लागलो. इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे, असं ते म्हणाले. हे हॉस्पिटलच्या चहाबद्दल होतं. पण मी 'इथला' हा शब्द आहे तसा पोचवला आणि कार्यालयाचा चहावाला बदलला. हे पांढरे दिवे डोळ्यांत खुपतात म्हणाले, तर आमच्याकडे पिवळे दिवे आले. एकदा ते आपणहून जुन्या दिवसांबद्दल बोलले, की सारा जन्म दोरी माझ्या हातात होती, मी ओढल्याशिवाय कुणाची समोर यायची छाती नव्हती. हे सांगितल्यावर साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणाले, अगदी खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या खाटेशेजारी एक लहान लोखंडी कपाट होतं. आमच्याच कंपनीचं. मी सफरचंदं आत ठेवून दार लावलं, ते सावकाश उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तोंडाला इतकी सवय झालेली की माझ्याकडून बोललं गेलं, कपाटात काही दोष नाही, जमीन समतल नाही. म्हाताऱ्यानं उशीवरून मान उचलली. 'मी इथं पडलोय, माझी औषधं त्या कपाटात, दिवसातून दहादा ते दार गुडघ्याला लागतं, आणि तू मला जमिनीचं सांगतोस? दुरुस्त करायला हात मोडलेत का तुमचे?' शेजारच्या खाटांवरचे दोघे उठून बसले. मी फळांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी केली, पायाखाली सारली, दार लागलं. (म्हणजे उत्तर खोटं नव्हतं. पण घडी घालायला मी वाकलो होतो, ते नव्हते. हा फरक माझ्या तोवर लक्षात आला नव्हता.)

हे ऐकून साहेब खुर्चीत बसले ते बसलेच. ज्यानं ते उत्तर लिहिलं, त्यालाच आता ते पटत नाही म्हटल्यावर राहिलं काय? दुसऱ्या दिवसापासून जमीन समतल नसल्याचं पत्र बंद. तक्रार आली की आपला फिटर घरी पाठवायचा, असा हुकूम निघाला. फिटर जाऊन बिजागरी फिरवू लागला, दारं लागू लागली. लोकांची आभाराची पत्रं यायला लागली तेव्हा बाईंना ती कुठं ठेवायची हेच सुचेना, कारण त्यासाठी आमच्याकडे शिक्काच नव्हता. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला कायम करण्याची शिफारस त्यांनी स्वतः लिहिली. मामा, त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही 'हं, ठीक, ठेवतो' म्हणालात, पण ठेवण्याआधी थोडे थांबलात. मला तेवढं पुरलं.

आणि मग मोठे साहेब आले. काठी टेकत, आमच्या जिन्यानं, स्वतःच्या पायांनी. ते खिडकीजवळचे नव्हते. भुवया विरळ, अंगानं किरकोळ, आवाज मात्र सगळ्या मजल्याला पुरेल असा. इतके दिवस हॉस्पिटलात होतो, या कार्यालयातलं एक कुत्रं फिरकलं नाही, असं ते म्हणाले. साहेबांनी शर्टाचं बटण लावत मला पुढे केलं आणि सांगितलं, हा मुलगा रोज येत होता. मोठ्या साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाले, याला मी जन्मात पाहिलेलं नाही. नेमक्या त्याच क्षणी बाईंनी शिक्का मारला आणि मागचं कपाट उघडलं. त्यानंतर त्यांना नवे दिवे दिसले, नवा चहा आला, आणि सर्वात शेवटी आपलं उत्तर कुणी काढून टाकलं हा प्रश्न आला. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. तसं त्यांचं काही चुकलं नाही.

मोठ्या साहेबांनी एक आभारपत्र उचललं, वाचलं, खिशात घातलं. मग म्हणाले, बुधवारी अकरा वाजता मी येतो, याचं काय करायचं ते तेव्हा बघू. तो राग होता की काय होतं, ते त्या आवाजावरून कुणालाच सांगता आलं नाही. बाईंनी मला त्यांच्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं, त्यावरून मी काय ते समजलो.

संध्याकाळी तरातरा हॉस्पिटलात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा भांडायच्या तयारीनं. खिडकीजवळचे आजोबा सफरचंद खात होते. मी विचारलं, तुम्ही आमचे मोठे साहेब नाही? ते म्हणाले, मी कधी म्हटलं? तू कधी विचारलंस? ते नाट्यगृहात पडदा ओढायचे. दोरी खरोखरच त्यांच्या हातात होती. मग इतके दिवस माझी फळं कशी खाल्लीत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. म्हाताऱ्यानं उरलेलं सफरचंद खाली ठेवलं. म्हणाले, मला वाटलं, मुलीनं पाठवलंय तुला. तिच्या ऑफिसातला असशील. मी म्हटलं, मुलगी आहे तर ती का येत नाही? तर म्हणाले, तिला कळवलंच नाही. परगावी आहे, नवी नोकरी आहे. मीच तिला सांगितलंय, कायम होईपर्यंत रजा घ्यायची नाही. उगाच माझ्यापायी कशाला?

मामा, मी स्टुलावर बसलो. भांडण कुठं गेलं मला समजलं नाही. रोज संध्याकाळी मी जिन्यावरून आलो की या माणसाला वाटत होतं, मुलीला कुठून तरी कळलं, तिला येता आलं नाही, तिनं माणूस पाठवला. मला न विचारण्याचं कारण तेच. विचारलं असतं आणि मी नाही म्हटलं असतं तर?

मी त्यांच्याकडून मुलीचा नंबर घेतला. सहजी दिला नाही, दोन मोसंबी सोलून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ती आली. आधी तिनं बापाला असं फैलावर घेतलं की नर्स बाई पडदा ओढायला धावल्या. (पडदा नीट ओढला गेला नाही, असं आजोबा त्या गडबडीतही म्हणाले.) ती मग रडली, मग नाक पुसून म्हणाली, 'बाबा, रजा माझी आहे. ती तुम्ही कशाला वाचवता?' आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. इतके दिवस मी ती कायमची समजत होतो. परवा ते घरी गेले. जाताना मला म्हणाले, पँट अजून लांब आहे.

तर अशी सगळी हकीकत आहे. नोकरीत यश मिळवावं कसं, हे तुम्ही मला सांगितलं होतंत. मी ते कसं मिळवलं आणि कसं घालवलं, हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवणाच्या वेळा पाळा, जिना सावकाश उतरा, माझी काळजी करू नका.

तुमचा आज्ञाधारक (आत्तापर्यंत तरी)
भाचा

ता. क. - बुधवारी सकाळी तुमचं पोटाचं ऑपरेशन आहे. आईनं सांगितलं. त्याला सांगू नकोस, पोराची नोकरी नवी आहे, कायम व्हायचाय, असं तुम्ही तिला बजावलं होतंत. तिनं ते चार दिवस पोटात ठेवलं. तिच्या मानानं हे फार झालं, तिला रागावू नका.

पुन्हा ता. क. - मी बुधवारची रजा मागितली. साहेब म्हणाले, वेडा आहेस का, अकरा वाजता मोठे साहेब केवळ तुझ्यासाठी येणार आहेत, सांगितलं ते ऐक. मी नाही म्हटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच म्हटलं, त्यामुळे आवाज थोडा मोठा आला आणि कपाट उघडलं. साहेबांनी वर फोन लावला. (मी भलत्याच पेशंटशेजारी बसत होतो, हे तोवर मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.) मोठे साहेब एवढंच म्हणाले, की जाऊ दे त्याला, पण या वेळी पेशंट कोण ते विचारून जा म्हणावं. कायम करण्याबद्दल काही बोलले नाहीत. आता पुढची बैठक कधी, की आता बैठकच नाही, ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही आता मला पत्र लिहून रागावणार. जरूर रागवा, पण आधी वॉर्ड, मजला आणि खाट या तिन्ही गोष्टी आईजवळ नीट सांगा. 'ठीक, ठेवतो' चालणार नाही.

शेवटचं ता. क. - माझ्या पहिल्या दिवशी, मी वर जाऊन खिडकीशी बसलो तेव्हा समोरच्या फुटपाथवर तुम्ही छत्री धरून उभे होतात. दुपारी चहाला उठलो तेव्हाही होतात. मी कुणाला काही बोललो नाही. पण तो सोमवार होता, मामा. तुमचं ऑफिस सोमवारी चालू असतं.

बुधवारी खाटेशेजारच्या कपाटाचं दार लागत नसेल तर तुम्ही उठू नका. मी पुठ्ठा घेऊन येतो आहे.